आमच्या हद्दीत येत नाही

वाशी रेल्वे स्थानकाबाहेर उभे राहून चौफेर नजर टाकली, तर एकाच शहराचे किती मालक असू शकतात ते दिसते. स्थानकाची इमारत सिडकोने बांधलेली. गाडी, रूळ आणि तिकीटखिडकी मध्य रेल्वेची. बाहेर उभी असलेली एनएमएमटीची बस महापालिकेची, वीज महावितरणची. शेजारून जाणारा सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. तोच रस्ता खाडीवर चढला की पूल रस्ते विकास महामंडळाचा. पुलाखालची खारफुटी वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या देखरेखीखाली. तुर्भ्याच्या दिशेने गेले की बाजार समितीचे आवार लागते, तिथला कारभार समितीचा. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसी सुरू होते आणि तिथे पुन्हा वेगळे कार्यालय, वेगळे अभियंते, वेगळा शिक्का.

या सगळ्यांच्या मधून नवी मुंबईकर रोज जातो. त्याला या हद्दी दिसत नाहीत. दिसतो तो खड्डा, बंद पडलेला दिवा, तुंबलेला नाला. तक्रार घेऊन गेला की मात्र टेबलापलीकडून हद्दीचा नकाशा उलगडतो. ‘हे आमच्याकडे येत नाही, सिडकोकडे जा.’ सिडकोत गेले की, ‘आम्ही कधीच हस्तांतर केलंय, महापालिकेत विचारा.’ दोन्हीकडचे अधिकारी खोटे बोलत असतात असे नाही. बऱ्याचदा दोघेही आपापल्या फाइलीपुरते खरे बोलत असतात, आणि गोम नेमकी तिथेच आहे.

ही गोम कुठून आली ते पाहायला पन्नासएक वर्षे मागे जावे लागते. मुंबईवरचा भार हलका करायचा म्हणून राज्य सरकारने १७ मार्च १९७० रोजी सिडको ही कंपनी स्थापन केली. ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९७१ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली सिडकोला नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे जमीन तिची, आराखडा तिचा, रस्ते, गटारे, घरे बांधणारीही तीच. भूखंड विकत न देता ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि आलेल्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग, उभारायचा, असे हे गणित होते. गणित हुशारीचे होते. पण कंपनीत मतदार नसतो. नागरिकाने निवडून दिलेला आणि नागरिकाला घराबाहेर गाठता येईल असा माणूस या रचनेत कुठेच नव्हता.

ती उणीव भरायला नवी मुंबई महानगरपालिका आली. १७ डिसेंबर १९९१ ला तिची स्थापना जाहीर झाली, १ जानेवारी १९९२ पासून कारभार सुरू झाला, आणि पहिली निवडणूक व्हायला १९९५ उजाडले. महापालिका आल्यावर सिडको गेली असती, तर हे प्रकरण लिहावे लागले नसते. ती गेली नाही. रस्ते, गटारे, दिवे, उद्याने, स्मशानभूमी हे एकेक करून, नोडनोडने महापालिकेकडे वर्ग होत गेले. जमिनीची मालकी, भाडेपट्टा, हस्तांतरण शुल्क आणि रिकामे भूखंड सिडकोकडेच राहिले. एका वाक्यात सांगायचे तर, जमिनीतून येणारा पैसा एका संस्थेकडे आणि त्या जमिनीवर राहणाऱ्यांची गाऱ्हाणी दुसऱ्या संस्थेकडे अशी वाटणी झाली. घर बापाच्या नावावर आणि खर्च थोरल्या मुलाकडे असे असलेल्या कुटुंबात जे होते, तेच इथे तीस वर्षे चालले आहे.

महापालिकेने २०२२ मध्ये आपला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा हे भांडण चव्हाट्यावर आले. महापालिकेला शाळा, उद्याने, वाहनतळ यांसाठी जागा हवी होती आणि मोकळे भूखंड होते सिडकोचे. महापालिकेने त्यांवर आरक्षणे टाकली. सिडकोने हरकत घेतली आणि भूखंडविक्री चालू ठेवली. गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरणाऱ्या रहिवाशाच्या इमारतीसमोरचा मोकळा तुकडा निविदेत निघाला, तर त्याने जाब कोणाला विचारायचा? महापालिका म्हणते आम्ही आरक्षण टाकले होते. सिडको म्हणते जमीन आमची आहे. दोन्ही विधाने बरोबर.

या वाटणीचा सर्वात बोलका नमुना म्हणजे धारण तलाव, ज्याला इथे सगळे ‘होल्डिंग पाँड’ म्हणतात. वाशीच्या मिनी सी-शोअरवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या कित्येकांना तो शोभेचा तलाव वाटतो. प्रत्यक्षात तो शहराच्या पूरनियंत्रण यंत्रणेचा भाग आहे. नवी मुंबईचे अनेक नोड खाडीत भराव टाकून उभे केले, आणि ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली राहिली. म्हणून डच धर्तीवर योजना केली: पावसाचे पाणी नाल्यांतून आधी या तलावात उतरायचे; खाडीला भरती असेल तर तोंडाशी बसवलेली झडपेची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटायची; ओहोटी लागली की उघडायची आणि साठलेले पाणी खाडीत सोडायची. पंप नको, वीज नको, रात्री दोन वाजता उठून कोणी चाक फिरवायला नको. अट एकच, तलाव रिकामा हवा आणि दार घट्ट मिटायला हवे.

दोन्ही अटी हळूहळू मोडत गेल्या. भरतीबरोबर खाडीचा गाळ आत आला आणि बसला. दारे गंजली, काही नीट मिटेनात. गाळावर खारफुटी उगवली, वाढली, तिचे रान झाले. तलावाची पाणी धरण्याची ताकद घटली. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी गाठ पडली की पाणी उलट फिरून तळमजल्यांत शिरू लागले.

आता जबाबदार कोण? तलाव सिडकोने बांधले, नंतर महापालिकेकडे आले. महापालिका म्हणते, आमच्या हाती आले तेव्हाच ते गाळाने भरलेले होते. गाळ काढायचा तर खारफुटी आड येते, आणि खारफुटीला हात लावायचा तर किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण, वनविभाग आणि शेवटी उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकालाने राज्यातल्या खारफुटीच्या कत्तलीवर बंदी घातली. खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव ठरवला. सार्वजनिक हितासाठी तोडायची असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. हा निकाल चांगलाच आहे, त्याने मुंबईचा किनारा वाचवला. पण तलाव वेळच्या वेळी उपसला असता, तर त्यात खारफुटी वाढलीच नसती आणि ही परवानगी मागायची वेळ आली नसती. आधी दुर्लक्ष, मग दुर्लक्षातून उगवलेल्या झाडाला कायद्याचे संरक्षण, आणि मग त्या संरक्षणाकडे बोट दाखवून ‘आमचे हात बांधलेले आहेत’ हे उत्तर. सरकारी कारभारात असे अडथळे पुष्कळदा कोणी मुद्दाम उभे केलेले नसतात, तसेच वाढू दिलेले असतात.

इथे रहिवासीही एका बाजूला नाहीत. ज्याच्या घरात पाणी शिरते तो म्हणतो, गाळ काढा आणि खारफुटी गेली तरी चालेल. त्याच सेक्टरातला पक्षीनिरीक्षक म्हणतो, खबरदार हात लावाल तर. नेरुळच्या डीपीएस तलावापाशी याची उलटी बाजू दिसली. तिथे भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या, फ्लेमिंगोंना त्रास होऊ लागला, २०२४ मध्ये पक्षी मेले, आणि पाणी आत येऊ द्या म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले. तिथेही वाद तोच होता: जागा सिडकोची, पाणथळ आहे की नाही हे कोण ठरवणार, आणि बुजलेली वाट कोणी उघडायची. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

‘जबाबदारी कोणाची’ या प्रश्नावर आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी एक खणखणीत उत्तर देऊन ठेवले आहे, ते मध्य प्रदेशातल्या रतलामच्या खटल्यात. तिथल्या न्यू रोडवर उघडी गटारे होती, मद्याच्या कारखान्याचे घाण पाणी वाहत होते, आणि शौचालये नसल्याने लोक रस्त्यावरच बसत होते. रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला काम करायला सांगितले. नगरपालिकेने काम करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेले आणि दोन बचाव मांडले. एक, पैसे नाहीत. दुसरा जास्त मजेशीर: या लोकांनी इथली घाण डोळ्यांनी पाहून, आपल्या मर्जीने इथे घरे बांधली आहेत, तेव्हा त्यांची तक्रार कशाला ऐकायची? १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दोन्ही बचाव फेटाळले. सार्वजनिक आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे वैधानिक कर्तव्य आहे, आणि तिजोरीत खडखडाट आहे ही सबब त्या कर्तव्यापुढे टिकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

रतलाममध्ये नगरपालिका एकच होती, म्हणून उत्तर सोपे होते. नवी मुंबईत कर्तव्य आहे हे सगळेच मान्य करतात. ते शेजारच्या कार्यालयाचे आहे एवढेच म्हणतात. रतलामचा दुसरा बचाव मात्र इथेही वेगळ्या वेषात भेटतो. ‘तुम्ही घर घेताना कागद पाहिले नव्हते का?’ हा प्रश्न दिघ्यातल्या रहिवाशांनी पुष्कळ ऐकला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचे संकट आले. या इमारती प्रामुख्याने एमआयडीसीच्या आणि सिडकोच्या जमिनीवर उभ्या होत्या. रहिवाशांचा उलट सवाल असा: बहुमजली इमारत काही एका रात्रीत उगवत नाही, पाया खणला जाताना, स्लॅब पडताना तुमचे अधिकारी कुठे होते? जमिनीचा मालक म्हणाला, बांधकामावर लक्ष ठेवणे महापालिकेचे काम. महापालिका म्हणाली, जमीन ज्याची त्याने राखावी. बांधणारा पैसे घेऊन मोकळा झाला होता. कागद न पाहता घर घेणाऱ्याची चूक होतीच. पण किंमत एकट्या त्याच्यावर लादली, तर लक्ष ठेवण्यासाठी पगार घेणाऱ्यांचा हिशोब बाकी राहतो.

आता रहिवाशांच्या बाजूचाही एक कोपरा उघडून पाहू, कारण सगळे माप एकाच्या पदरात घालणे सोपे आणि चुकीचे आहे. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे इथे सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहती आहेत. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारती त्यांतल्या सर्वांना ठाऊक. स्लॅबचे प्लास्टर पडणे, लोखंडी सळया उघड्या पडणे हे तिथे नित्याचे झाले. बांधकाम निकृष्ट होते, सबब सिडकोने भरून द्यावे, असे रहिवाशांचे म्हणणे वर्षानुवर्षे राहिले. त्यात तथ्य आहे. पण याच वसाहतींतल्या आतल्या मलवाहिन्या, पायवाटा आणि दिवे यांचे काय? कायद्याने हे सगळे ओनर्स असोसिएशनच्या सामाईक मालकीचे, म्हणजे खासगी. दरमहा वर्गणी काढून त्यांची निगा राखायची असते. अनेक ठिकाणी वर्गणी कधी नीट जमली नाही, असोसिएशन कागदावर राहिली, आणि वाहिनी फुटली की मोर्चा महापालिकेच्या विभाग कार्यालयावर. निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवकाने आतली कामे महापालिकेच्या पैशातून करून दिली की रहिवासी खूश. लेखापाल मात्र विचारतो, खासगी आवारात करदात्याचा पैसा कोणत्या नियमाने घातला?

कचऱ्याचेही तसेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा होता. ‘निश्चय केला, नंबर पहिला’ म्हणत स्वच्छ सर्वेक्षणात वरचे क्रमांक मिळवणाऱ्या महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना नोटिसा काढल्या, तेव्हा उत्तर ठरलेले होते: आम्ही मालमत्ता कर भरतो तो कशासाठी?

हा प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात कर आणि शुल्क यांची सरमिसळ आहे. शुल्क विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते. सेवा नाही तर शुल्क नाही असे म्हणता येते. कर हा मोबदला नसतो. तो मालमत्ता आहे म्हणून लागतो, आणि त्यातून शहर चालते. ही गोष्ट खारघर, कामोठे, कळंबोलीच्या लोकांना चटका बसून कळली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका स्थापन झाली. मालमत्ता कराची बिले लोकांच्या हाती पडली २०२१ मध्ये, आणि ती होती २०१६ पासूनची. मधल्या काळात रस्ते, गटारे सिडको पाहत होती आणि तिचे सेवाशुल्क लोक भरत होते. हा दुहेरी कर आहे, असे म्हणत रहिवासी रस्त्यावर आणि न्यायालयात गेले. महापालिकेचे म्हणणे, कर हा सेवेवर अवलंबून नसतो. कायद्याच्या पुस्तकात महापालिकेची बाजू भक्कम आहे. पण पाच वर्षे गप्प राहून मग एकदम थकबाकी मागणाऱ्या संस्थेने पुस्तकाचा आधार घ्यावा, हे पचायला जड जाते. त्यातही खारघरकर मालमत्ता कर एका संस्थेला भरतो आणि नळाला पाणी आले नाही तर जातो दुसऱ्या संस्थेकडे, सिडकोकडे.

कर नको म्हणून महापालिकेतूनच बाहेर पडले तर? हा प्रयोगही इथे होऊन गेला आहे. कल्याण-शीळ पट्ट्यातली दहिसर, भंडार्ली, पिंपरी, उत्तरशीव अशी १४ गावे सुरुवातीला नवी मुंबई महापालिकेत होती. कराचा बोजा नको, म्हणून गावकऱ्यांनी आंदोलने केली आणि २००७ मध्ये गावे बाहेर पडली. ग्रामपंचायती परत आल्या. मग आजूबाजूचे शहर फुगत गेले. बेकायदा गोदामे, चाळी, पाणीटंचाई, खराब रस्ते. ग्रामपंचायतीच्या ताकदीबाहेरचे सगळे प्रश्न. भर म्हणजे ठाणे महापालिकेने आपला कचरा टाकायला भंडार्लीचीच जागा शोधली. पंधरा वर्षांच्या आत तेच गावकरी, आम्हाला परत घ्या, म्हणून आंदोलन करू लागले. २०२२ मध्ये तेव्हाचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात समावेशाची घोषणा केली आणि २०२४ मध्ये तसा शासननिर्णय झाला. या वेळी कुरकूर नवी मुंबईकडून आली: या गावांच्या सुविधांचा खर्च आम्ही का उचलायचा? गावे आत असताना गावकऱ्यांना कर जड वाटला, बाहेर असताना एकटेपणा जड झाला, आणि परत येताना शहराला गावे जड झाली.

या साऱ्या तंट्यात मध्यस्थाची एक जागा असते, नगरसेवकाची. मे २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. तोपर्यंत प्रशासक. अधिकारी कार्यक्षम असू शकतो, पण दोन कार्यालयांत चेंडू टोलवला जात असताना दोन्हीकडे जाऊन आवाज चढवायला त्याला कारण नसते. नगरसेवकाला असते, त्याला पुन्हा मते मागायची असतात. वॉर्डाच्याही खाली लोकांची क्षेत्रसभा असावी, अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली. ती कागदावरच राहिली, आणि सर्व पक्षांची त्याबद्दल एकवाक्यता दिसते.

रस्त्यांपुरता तरी न्यायालयाने अलीकडे हा टोलवाटोलवीचा खेळ महाग केला आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. रस्ता महापालिकेचा असो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असो की रस्ते विकास महामंडळाचा, कोणालाही सूट नाही. आणि ही रक्कम पुढे जबाबदार अधिकारी, ठेकेदार यांच्याकडून वसूल करायची.

माझे मत सांगायचे तर, हद्द कोणाची हे शोधून काढणे हे नागरिकाचे काम नाही. ते काम कार्यालयांनी आपसांत करावे, आणि ते होईपर्यंत तक्रार ज्या टेबलावर आली त्या टेबलाने ती सांभाळावी. ही अपेक्षा हवेतली नाही, आपल्याकडे असा एक कायदा आहे. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) प्रमाणे, अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत करता येत नाही. तो पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवून अर्जदाराला कळवावे लागते. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या नाल्याबद्दल कोणी हद्दीचा नकाशा दाखवला, तर वाद घालू नका. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा आणि एवढेच विचारा: या नाल्याचे हस्तांतर कोणत्या तारखेला झाले, आणि त्या कागदाची प्रत द्या. उत्तरासाठी त्यांच्याकडे ३० दिवस असतात.